केसपेपरवरचं वय

मंगळवार, संध्याकाळ

आज परळच्या इस्पितळात सुमनच्या केसपेपरवर मी वय एकोणीस लिहिलं. तिला नुकतीच सोळा पूर्ण झाली आहेत. माझी मावसबहीण. लग्न गेल्या वर्षी झालं, आता पाचवा महिना, म्हणून मावशीने गावाहून तपासायला आणली. मी नववीपर्यंतच शिकलो, तरी अक्षर चांगलं म्हणून घरातला कुठलाही फॉर्म माझ्याच पुढ्यात येतो.

मावशी कानाशी लागली, "बाबू, एकोणीस लिव. खरां लिवलंस तर पोलीस जावयाक घेवन जातले. मगे हिका कोण बघतला?"

लिहिलं. खाडाखोड न करता.

डॉक्टरीणबाईंनी रक्त फार कमी असल्याचं सांगितलं. मग सुमनला विचारलं, "एकोणीस ना गं?" ती माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली. मी का हलवली? विचारलं तर तिला होतं.

"मग घाबरू नकोस. या वयात झेपतं," बाई म्हणाल्या.

ते वाक्य डोक्यातून जात नाही. बाई एकोणीस वर्षांच्या मुलीला तपासतायत. खरं सांगावं तर तिचा नवरा आत, आणि मावशीचं दार मला कायमचं बंद. न सांगावं तर...

लालबागला खोलीवर आलो. मावशी चहा टाकायला उठली तेव्हा सुमनने हळूच विचारलं, "दादा, सोळाव्या वर्षी पण झेपता मां?"

केसपेपरची घडी नीट बसत नव्हती, ती पुन्हा पुन्हा घालत राहिलो.