खोकल्याचा प्रयोग

३ फेब्रुवारी
नीला पार्ल्याला बहिणीकडे 'चार दिवस' म्हणून गेली, त्याला महिना झाला. भांडण वगैरे नाही. हवापालट हवा होता. मुलुंडची हवा तशी बरी नाहीच.

वीस वर्षं क्लासमध्ये स्टॅटिस्टिक्स शिकवतोय. उगाच मनाला लावून घेणार नाही, टेस्ट करणार. नल हायपोथेसिस, म्हणजे आधी धरून चालायचं ते: मी आजारी असलो काय, ठणठणीत असलो काय, नीलाला सारखंच. एक दिवसाआड फोनवर खोकायचं. ती किती वेळ बोलते ते लिहायचं.

४ फेब्रुवारी
खोकलो. बेचाळीस मिनिटं! नल हायपोथेसिसचे बारा वाजले. पण एका आकड्यावर नाचणाऱ्या पोरांना मीच ओरडतो. सँपल वाढवू.

९ फेब्रुवारी
न खोकता दोन मिनिटं. खोकून एक. पुन्हा न खोकता दोन. कुठे बेचाळीस, कुठे एक. आकडे इतके विखुरलेले असले की सरासरीला अर्थ उरत नाही. खोकल्यात दम नसावा. उद्यापासून ओला खोकला.

१३ फेब्रुवारी
त्या बेचाळीस मिनिटांबद्दल. नीला फोन ओट्यावर ठेवून विसरली होती. मी कुकरच्या शिट्ट्या आणि दोघी बहिणींचं हसणं ऐकत बसलो. नीला एवढी हसते हे मला माहीत नव्हतं.

तरीही आकडा काढणार नाही. गैरसोयीचा आकडा वगळणं ही लबाडी, असं मीच शिकवतो. हा गैरसोयीचा नाही, पण तत्त्व तेच.

१८ फेब्रुवारी
सँपल मोठं हवं म्हणून दिवसातून तीनदा फोन. आता सगळे आकडे दोनाच्या आसपास येऊन बसलेत. खोकल्याबद्दल तिच्याकडून चकार शब्द नाही. आज म्हणाली, "अहो, सारखा सारखा काय फोन करता? काही असलं तर मीच करीन ना फोन."
'करीन' म्हणाली. आशादायक.

२६ फेब्रुवारी
मी फोन करणं थांबवलं. आठवडाभर तिचा फोन नाही. क्लासला सुट्टी टाकली, रिंग वाजली आणि ऐकू आली नाही असं नको.

नल हायपोथेसिस नाकारता आला नाही म्हणजे तो खरा ठरला, असं नसतं. पुरावा कमी पडला, एवढंच. पोरांना हे कधी कळतच नाही.

दुपारी रिंग. विमा कंपनीतली कुणी प्रांजल. सवयीने खोकलो. तिने लगेच विचारलं, "सर, खोकला कधीपासून आहे?"

एकदम भरून आलं. सांगितलं, नीला पार्ल्याला गेल्यापासून.

मग पॉलिसी मिळणार नाही, म्हणाली. एकूण दोन मिनिटं.