वारं लागू नये म्हणून

जळगाव, ४ मे १९४४, सकाळी

अखेर माहेराहून निघालो! बनूला सव्वा महिना झाला. आता पंधरा दिवस नुसती भटकंती: धुळे, साक्रीचं आमचं घर, मग सप्तशृंगीला तिचा नवस फेडायचा. रेल्वेत लढाईवर निघालेल्या सोजिरांची गर्दी, म्हणून ह्यांनी सावद्याची केळी वाहणारी लॉरी भाड्यानं घेतली. फळ्यांच्या भिंती, त्यांत दोन झरोके, वर छप्पर, आत गादी, बनूची झोळी, पाण्याचा माठ. चालतं घरच! पेट्रोल मिळत नाही, तेव्हा मागे कोळशाचं भलंमोठं पेटतं पिंप लटकवलंय. त्याच्या गॅसवर इंजिन चालतं. हे पुढे भिकन ड्रायव्हरशेजारी लाटसाहेबासारखे बसलेत. मागचं दार धक्क्यानं उघडतं, म्हणून भिकननं बाहेरून कडी घातली. आत आम्ही तिघी: मी, बनू आणि सासूबाई. म्हणजे माझी निम्मी मजा गेलीच.

४ मे, एरंडोल सोडल्यावर

डोकं ठणकत होतं. सासूबाईंचंही. ऊन लागलं, म्हणाल्या. एरंडोलला चहासाठी उतरलो, चिंचेखाली बसलो, तर दोघींनाही लगेच बरं वाटलं. मी म्हटलं, आता झरोके उघडे ठेवू. सासूबाईंनी केवढा थयथयाट केला! "पोरले वारा लागी जाई!" आई झाली तरी हिला अक्कल नाही, असं भिकनलाही ऐकवून झालं. ह्यांनी नेहमीप्रमाणे आईची री ओढली. गाडी सुटताच सासूबाईंनी दोन्ही झरोक्यांत गोधड्या कोंबल्या, दाराची फट जुनेरानं बुजवली आणि माझ्या कपाळावर कांदा चोळला. असा संताप आला! पण रस्त्यात तमाशा नको म्हणून वही काढून बसले.

४ मे, पारोळा मागे पडला

मळमळतंय. सासूबाई झरोक्याला पाठ लावून झोपल्यात, तोंड उघडं. बरं झालं, त्यांच्या जिभेला विसावा. बनूही शांत. एरवी जरा धक्का बसला की भोकाड पसरते. गाल किती गुलाबी झालेत माझ्या बाईचे! मुक्कामाला पोचलो की दृष्ट काढीन.

४ मे, दुपार

बनू दूध ओढत नाही. तळव्याला चिमटा काढला. रडली नाही.

सासूबाईंना हलवलं. उठत नाहीत. त्यांचेही गाल लाल –

आमच्या आळीतली भिकुबाई आठवली. बाळंतिणीची खोली, आत शेगडी, दारं घट्ट लावलेली. सकाळी मायलेकी निजलेल्याच सापडल्या. अशाच गुलाबी.

आमच्या मागे तर पिंपभर निखारे –

४ मे

उठवत नाही. पाय माझे नव्हेतच. गोधडी ओढली. सासूबाईंच्या पाठीखाली अडकलीय. त्या जड – हलत नाहीत – दुसरी घट्ट कोंबलेली, निघत नाही –

पुढची फळी बडवली. जोरात. पलीकडून ह्यांनीही बडवली, ठेक्यात. हसताहेत. गाणं म्हणताहेत –

ओरडले. आवाज फुटत नाही –

दारापाशी आले. सरपटत. जुनेर काढलं. बोटभर फट. बनूचं तोंड तिथे धरलंय. घे ग माझे आई – घे वारं –

गरम येतंय. कोळशाचा – पिंप इथेच, दाराला – मीच तिला –