लेकीच्या शाळेतून फोन

सोमवार, ७ जुलै
कामावर होते, दातांच्या दवाखान्याच्या काउंटरवर. लेकीच्या वर्गशिक्षिकेचा फोन — "आज भेटायला याल का?" वाटलं, कुणी हिला छळतंय की काय!
उलटंच निघालं. माझ्याच तेरा वर्षांच्या लेकीने वर्गातल्या एका मुलीला जगणं नकोसं केलंय. ती बोलताना अडखळते, म्हणून तिची नक्कल. तिच्याशी कुणी बोलायचं नाही असा सगळ्यांना दम. आठवडाभर ती पोर शाळेतच आलेली नाही.
मी म्हणाले, "माझी मुलगी असं करणार नाही." बाईंनी नुसता व्हिडिओ लावला. हिचाच आवाज. मागे सगळा वर्ग खिदळतोय.

मंगळवार, ८ जुलै
लेकीला जाब विचारला. "गंमत केली गं! तिला चेष्टा कळत नाही, त्याला मी काय करू?"
हात उगारला होता. खाली घेतला. ह्यांना काही सांगितलं नाही.

शुक्रवार, ११ जुलै
शाळेच्या समुपदेशकांना भेटले. मुलं त्यांना गोळीताई म्हणतात — पर्समध्ये कायम पेपरमिंट. वाटलं, आता मला झाडणार. त्यांनी आधी विचारलं, "जेवलात का?" रडूच फुटलं!
पण लेकीला पाठीशी घातलं नाही. "चूक तिची आहे, निस्तरायचीही तिनेच. पण त्याआधी त्या मुलीला वर्गात भीती वाटता कामा नये." बाकं बदलली. मधल्या सुट्टीत बाई स्वतः वर्गात थांबणार.

गुरुवार, १७ जुलै
ती शाळेत आली! बाईंनी आठवणीने कळवलं.

मंगळवार, २२ जुलै
लेकीने माफी मागितली. गोळीताईंनी आधी त्या मुलीला विचारलं — ऐकायचंय का? ती म्हणाली, "ऐकेन. पण मैत्री नाही करणार." बरोबरच आहे तिचं.
घरी येऊन लेक उशीत तोंड खुपसून रडली. "आई, तिचे हात थरथरत होते गं. मला बघून!"
जवळ घेतलं. बाईंचे आणि गोळीताईंचे उपकार कसे फेडू? वेळेत हाक मारली त्यांनी. माझी पोर हातची गेली असती.

गुरुवार, २४ जुलै
भाजी निवडताना लेक आपणहून बोलली. गोळीताईंनी तिला विचारलं होतं, असं नक्कल करून हसवायचं कुठे पाहिलंस?
"मी म्हटलं, बाबा आईची करतात. पाहुण्यांसमोर. आई पण हसते."
पंधरा वर्षं हसतेय मी.
गोळीताईंना फोन केला. उद्या अकराला या म्हणाल्या. एकटीच जाणार आहे — माझ्यासाठी.