चित्रातली सुनंदा

शुक्रवार, दिवेलागण. उस्मानपुरा.

उद्या गोव्याला निघायचं. समुद्र, दोन वस्तुसंग्रहालयं, आणि आमच्या लेकीनं, सईनं काढलेलं चित्र लागलंय ते कलादालन. शेजारच्या भाभींनी सकाळीच टोमणा मारला, "अजिंठा इथं सोडून चित्रं बघायला गोव्याला, भाईसाब?"

हसलो. पण दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही. सईचा फोन आला होता. "बाबा, चित्र आईचं आहे. केमोच्या वेळचं, केस नसलेलं. तिला विचारलं नाही मी."

त्या दिवसांत सुनंदानं आरशावर टॉवेल टाकून ठेवला होता. आणि आता तेच डोकं भिंतीवर, आल्यागेल्या पर्यटकांसमोर? सईला चित्र उतरव म्हणावं? पोरीचं पहिलंच चित्र लागलंय. की सुनंदाला तिथं गेल्यावरच कळू द्यावं? छे.

वर्गात करुण रसावर तासभर बोलू शकतो मी. बायकोला एक वाक्य सांगायला मात्र संध्याकाळ झाली. ती बॅग भरत असताना सांगून टाकलं.

तिच्या हातातली साडी तशीच राहिली. मला पुन्हा तो आरशावरचा टॉवेल दिसायला लागला.

"तुम्ही पाहिलंत?"

"नाही. फोटो पाठवते म्हणाली, मीच नको म्हटलं."

"भित्रे आहात." साडीची घडी घालून बॅगेत ठेवली. मग म्हणाली, "असं करा. आधी तुम्ही आत जायचं. मी दारात थांबते. बाहेर आलात की तुमचं तोंड बघून ठरवीन, आत यायचं की सरळ समुद्रावर जायचं."

अडचण एवढीच, की तिच्यापुढं माझ्या तोंडाला आजवर एकदाही खोटं वागता आलेलं नाही.