सकाळची सोबत

९ मार्च, रविवार, दुपार

प्रिय ताई,

कशी आहेस? भावजींची पाठ काय म्हणते? पिल्लू शाळेत जाताना अजून रडते, की आता तिच्या बाई रडतात? मी मजेत.

पत्र बघून दचकू नकोस. फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू मध्येच बोलतेस. कागदावर तुला तसं करता येणार नाही, एवढंच.

इकडची मोठी बातमी म्हणजे बाथरूमचा नळ गळायचा थांबला. प्लंबर दरवेळी येऊन नळाकडे बघून मान हलवायचा आणि जायचा. शेवटी मीच वायसर बदललं. तू पाठवलेली चादर छान आहे. चादरीबद्दल बोलायचंय, पण पुढे. आत्ता नको.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं चालू आहे. उठायची वेळ ठरलेली, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. उठल्याउठल्या पडदा सरकवायचा, उजेड तोंडावर घ्यायचा. फोन रात्री स्वयंपाकघरात डब्यांच्या मागे झोपतो. जेवण ताटात वाढून, बसून. गेल्या वर्षी मी पातेल्यातूनच खायचे, उभ्याने, तेही खाल्लं तर. बाई म्हणाल्या होत्या, "या सवयी इतक्या साध्या आहेत की तुला राग येईल. दात घासतो तसं करायचं. आज मूड आहे का, असं दातांना विचारतो का आपण?" मी दातांच्याच लॅबमध्ये काम करते, कवळ्या बनवते म्हटल्यावर त्या इतक्या हसल्या, की मग मीही हसले. कितीतरी महिन्यांनी.

आणि चालायचं. आणि रोज एका माणसाला एक खरी गोष्ट सांगायची. "कशी आहेस? मस्त!" असली नव्हे. खरी.

ही दोन कामं मी एकत्रच उरकायचे. छत्रीबरोबर.

छत्री कोण, हे तुला सांगायची गरज नाही.

(हे वाक्य खोडणार होते. राहू दे.)

तरी सांगते, तुला काहीच माहीत नाही असं धरून. छत्री खालच्या मजल्यावर राहते. कोपऱ्यावरच्या लायब्ररीत कामाला आहे. ऊन नसो, पाऊस नसो, हातात छत्री असतेच, म्हणून छत्री. तू मला सांभाळून परत गेलीस आणि मी चालायला लागले, त्याच आठवड्यात ती गेटपाशी भेटली. "तुम्हीपण चालता? मला एकटीला फार कंटाळा येतो हो." चार दिवसांत अहोजाहो संपलं. कालव्याच्या कडेकडेने लाकडाच्या वखारीवरून पुलापर्यंत जायचं आणि परत. जाताना ती बोलायची, लायब्ररीत घोरणाऱ्या लोकांबद्दल. येताना मी.

ताई, मला वाटलं होतं ही मी कमावली. आजारपणात जुने मित्र एकेक करून गळाले. त्यांचा तरी काय दोष, उत्तरच न देणारीला कोण किती दिवस मेसेज करणार? पण ही नवी होती, माझी मी मिळवलेली. मी तिला सगळं सांगितलं. लॅबच्या संडासात नळ सोडून रडते ते. जुन्या चादरीला त्या दिवसांचा वास आहे असं वाटतं, धुतली तरी, ते.

मग एके दिवशी चादरीचं पार्सल आलं. मी तुला लगेच फोन केला, आठवतंय? "तुला कसं कळलं गं?" तू म्हणालीस, "बहिणीचं मन असतं." त्या दिवशी नव्या चादरीवर मी किती शांत झोपले, काय सांगू. आपण न बोलता आपल्या मनातलं कुणाला तरी इतक्या लांबून कळतं. या एका गोष्टीवर मी कितीतरी दिवस काढले.

थांब. चहा करून येते.

आले.

तर सर. आमच्या लॅबचे सर, तुझे फोनमित्र. मागच्या सोमवारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माझ्या हातात मेणाची सुरी तशीच होती, कवळीत दात बसवत होते. मला वाटलं, सिरॅमिकचे दात बनवायच्या ट्रेनिंगचं सांगणार. दुसऱ्या शहरात दोन महिने, हॉस्टेलवर राहायचं, परत आलं की नवं काम. सर मागे म्हणाले होते, रंग जुळवण्यात तुझी नजर चांगली आहे, तुलाच पाठवतो. तुला मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. हॉस्टेलच्या खोलीतून फोन करणार होते, "ओळख बघू कुठून बोलतेय!"

सर फार मऊ बोलत होते. ते एरवी मऊ बोलत नाहीत, एरवी म्हणतात, "हा दात आहे की शेंगदाणा?" त्या दिवशी म्हणाले, "बस गं. तुझ्या ताईंचा फोन होता. फार जीव आहे त्यांचा तुझ्यावर. या खेपेला पॉलिशवाल्याला पाठवतो. तू आधी पूर्ण बरी हो. एकटीने राहायची घाई नको."

मी "हो सर" म्हटलं. सुरीवरचं मेण गार झालं होतं. आजारपणाबद्दल मी लॅबमध्ये चकार शब्द काढला नव्हता. कावीळ झाली होती म्हणून सांगितलं होतं. आता सगळे माझ्याशी मऊ बोलतात. पॉलिशवाला तर कवळ्या घासायचं मशीन सुरू करताना विचारतो, "आवाज चालेल ना तुला?"

तुला ट्रेनिंगचं सांगितलं कुणी? मी ते एकाच माणसाला सांगितलं होतं, कालव्याच्या कडेला, येताना.

मला ते खरं वाटू द्यायचं नव्हतं. म्हणून बुधवारी मी छत्रीला एक थाप मारली. "केस काढून टाकणार आहे. सगळे. डोकं मोकळं वाटेल." ती म्हणाली, "वेडी आहेस का?" आणि मग जीभ चावली तिने. संध्याकाळी तुझा फोन. पिल्लूचा खोकला, भावजींचं ऑफिस, मग अगदी सहज, "आणि हे बघ, केसबीस कापायचं काही मनात आणू नकोस हं. तुला लांबच शोभतात."

मी "बरं" म्हटलं. फोन ठेवला. त्या दिवशी मी उभ्यानेच जेवले.

गुरुवारी तिला पुलावर विचारलं. तिने छत्री या हातातून त्या हातात घेतली.

"चुगली नव्हती गं ती. त्या विचारायच्या, मी सांगायचे. त्यांना काळजी वाटते तुझी."

"पहिल्या दिवशी गेटपाशी भेटलीस, ते?"

"जिन्यात भेटल्या होत्या मला. तू आत झोपली होतीस. रडत होत्या. नंबर दिला, म्हणाल्या, जरा लक्ष ठेवाल का."

"म्हणजे तुला चालायचं नव्हतंच."

"सुरुवातीला त्यांनी सांगितलं म्हणून यायचे. नंतर माझी मी यायला लागले. शप्पथ."

"कधीपासून?"

"असं कसं सांगता येईल?"

खरंच, कसं सांगता येईल? पण ताई, आता मी त्या सगळ्या सकाळी मनात उलटसुलट करून बघते. ती पोट धरून हसली होती ती सकाळ माझी, की तुझी? माझा हात धरून वखारीपाशी नुसती उभी राहिली होती, ती कुणाची? तू माझं ट्रेनिंग घालवलंस, ते एक वेळ परत मिळेल. या सकाळी मला कोण परत देणार?

तू म्हणशील, तुझ्याच भल्यासाठी. मला माहितेय तू काय बघितलंस. कुलूपवाल्याला आणून दार उघडलंस, तेव्हा मी कशी पडले होते ते. तू मला आंघोळ घातलीस, केसांतल्या जटा सोडवल्यास, आईला काही कळू दिलं नाहीस. त्या दिवशी तू दार उघडलंस म्हणून मी आहे. हे मी कधी नाकारणार नाही. पण त्यानंतर ते दार तू लावलंच नाहीस, ताई. मी आत आहे, कपडे बदलतेय, आणि तू सरांना, शेजाऱ्यांना घेऊन उंबऱ्यात उभी.

काल सरांकडे गेले. म्हटलं, "सर, कावीळ नव्हती. मनाचं आजारपण होतं. औषध घेतलं, अजून घेते. पुन्हा बरं वाटेनासं झालं तर मीच येऊन सांगेन, दुसऱ्या कुणाचं ऐकू नका." सरांनी चष्मा पुसला. म्हणाले, "पॉलिशवाल्याचं तिकीट काढून झालंय गं." मी म्हटलं, "ठाऊक आहे. तरी सांगायचं होतं." पुढच्या बॅचचं ते काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

आज सकाळी एकटीच गेले, कालव्याच्या उलट्या बाजूने. तिकडे नुसती गोदामं आहेत आणि कुत्री. बोलायला कुणी नाही. चालले मात्र.

पुन्हा तसे दिवस आले तर? येतील. आले तर तुलाच हाक मारेन, असं वचन देणार होते, पण तसल्या दिवसांत हाक फुटत नाही, हे तुला आणि मला दोघींना माहीत आहे. म्हणून डॉक्टरीणबाईंना विचारून काहीतरी ठरवेन. मी ठरवेन, आणि ठरलं की तुला सांगेन. तोवर तुला काळजी वाटेल. वाटू दे. ती मिटवायला माझ्या आसपास माणसं पेरू नकोस. छत्रीलाही फोन करू नकोस. तिचं माझं काय उरलंय, ते आम्हा दोघींना तुझ्याशिवाय बघू दे.

भावजींना नमस्कार, पिल्लूला पापा. हे पत्र त्यांना वाचून दाखवू नकोस.

कळावं, पण माझ्याकडून.

तुझीच,
धाकटी