भट्टी नको म्हणालो होतो

५ जानेवारी
डोंगरावरच्या रिसॉर्टचं हीटिंग माझ्याकडे आलं. आखातातल्या आमच्या अख्ख्या अल क्वोज ऑफिसात हीट पंप कळतो तो मलाच. उलटा चालणारा एसी समजा: बाहेरच्या हवेतली ऊब ओढून आत सोडतो. धाकटा भाऊ विलास म्हणाला, वर कडाक्याची थंडी पडते, जोडीला गॅसची भट्टी ठेवू. पंप दमला की ती आपोआप पेटेल. मी म्हटलं, खलास, विषय बंद. बॅकअप म्हणजे पंपावर अविश्वास. विलासला कंपनीत मीच चिकटवलाय. शिकेल.

८ जानेवारी
हेमा म्हणते, विलासभाऊजींचं ऐका ना. लग्नाच्या बायकोने असं बोलावं! अबोला धरला. चहापर्यंत टिकला.

११ जानेवारी
सुट्टी असून विलास एकटाच डोंगरावर गेला. डक्टचं काम राहिलंय म्हणे. माझंच वळण.

१७ जानेवारी
उद्या डेमो, सहकुटुंब. हेमाने बॅगेत स्वेटर भरला, मी काढला. हाफ शर्टात भाषण करणार. आत्मविश्वास दिसला पाहिजे.

१८ जानेवारी, संध्याकाळ
प्रचंड यश! बाहेर बोचरा वारा, आत मस्त ऊब. म्हणालो, विज्ञानावर विश्वास नसतो त्यांनाच भट्टी लागते. रिसॉर्टच्या मॅनेजर हुमेरा मॅडम खूप हसल्या. विलास छताकडे बघत होता. भारावला असावा. मिहिका म्हणाली, "पापा, प्लीज सिट डाउन." लाजते पोर.

१९ जानेवारी
घात! नाश्त्याला हुमेरा मॅडमनी विलासचे आभार मानले, भट्टीने लाज राखली म्हणून. कुठली भट्टी? मागच्या खोलीत नेऊन दाखवली. धडधडत होती. पंपाच्या बाहेरच्या युनिटवर धुकं गोठून बर्फ साचलेला, पंप माझ्या भाषणाआधीच बंद.
विलास म्हणाला, तुला सांगितलं असतं तर बसवू दिली असतीस का? हेमाला माहीत होतं. मिहिकाला पण. "एव्हरीवन न्यू, पापा."
अल नहदाच्या घरापर्यंत गाडीत कुणाशी बोललो नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

२१ जानेवारी
बॉसकडे विलासची लेखी तक्रार दिली. बॉस म्हणाले, भट्टीला मंजुरी माझीच. तेही फितूर.

२२ जानेवारी
रिसॉर्टला आता सगळ्या कॉटेजेसमध्ये पंप आणि भट्टी, दोन्ही हवंय. प्रोजेक्ट हेड विलास. मलाही टीममध्ये घेतलंय. विलासने मुद्दाम मागून घेतलं म्हणे. काम: उद्घाटनाचं भाषण. विषय: भट्टीचे फायदे.
लिहायला बसलोय. पहिला मुद्दा विलासला विचारावा लागेल.