बेबीताईंची सही कोणी मागू नये म्हणून

मी, रत्नाकर पेत्रस वाघमारे, वय चौऱ्याहत्तर, धर्माने कॅथलिक, राहणार अधारताल, जबलपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉ. रश्मी दुबे यांच्याकडून घेतला असून त्या माझ्या पुतण्याच्या ओळखीच्या नाहीत, याची आधी चौकशी केली आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. लिहिताना दार आतून लावले आहे. यापूर्वीचे माझे एखादे मृत्युपत्र कोणी पुढे केले, तर ते बनावट समजावे.

१. वडील नागपूरकडून इथल्या कारखान्यात आले, मीही तिथेच लागलो, तपासणी विभागात. दुसऱ्यांनी पास केलेल्या मालातली खोट शोधणे हे माझे काम. निवृत्त झालो, सवय राहिली. दर आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, फादर प्रवचनात सांगत, जागे राहा, प्रभू चोरासारखा अवचित येईल. बाकीचे घरी जाऊन मेणबत्ती लावत. मी एका वर्षी घरी येऊन दाराला दुसरी कडी बसवली. माझी पत्नी अंजनी हसली नाही. म्हणाली, "अहो, जागं राहणं वेगळं आणि पहारा देणं वेगळं." मला फरक दिसत नाही, असे मी म्हणालो. ती वारली. तो वाद तिथेच राहिला.

२. अधारतालचे घर माझ्या कमाईचे आहे. ते कोणाला, हे लिहिण्याआधी बेबीताईंबद्दल सांगणे भाग आहे, कारण लोक विचारतील.

बेबीताई, कागदोपत्री मार्था जोसेफ भालेराव, या अंजनीच्या धाकट्या बहीण. विधवा, मूलबाळ नाही, जबलपूरजवळच्या मझौलीत स्वतःचे घर. तिकडे एक इसम आला. स्वतःला ब्रदर म्हणवत असे. तो आमच्या चर्चचा नव्हता, कुठल्याच चर्चचा नव्हता. मी विचारून घेतले होते. ख्रिस्ताच्या पुनरागमनाची तारीख आपल्याला कळली आहे, असे तो बायकांना सांगे. आगमनकाळाचा पहिला रविवार. ज्याला तयार राहायचे, त्याने स्वतःच्या नावावर काही ठेवू नये. बेबीताईंनी घराच्या दानपत्रावर सही केली आणि मला फोन केला, सल्ल्यासाठी नव्हे, आमंत्रणासाठी.

"जिजाजी, तुम्हीपण या. एकटे काहून मागं राहता?"

मी गेलो. गाडी अक्षतने चालवली. अक्षत हा माझ्या दिवंगत भावाचा मुलगा. एका शेतात मांडव घातला होता. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका सकाळपासून उपाशी बसल्या होत्या. सगळ्यांचे डोळे आकाशाकडे. माझे त्या ब्रदरच्या गाडीकडे. मागच्या सीटवर एक फुगलेली बॅग होती आणि किल्ली गाडीलाच लटकत होती. ती मी काढून खिशात टाकली. ऊन उतरायला लागले तसे त्याने बायकांना गाणे धरायला सांगितले आणि स्वतः हळूच गाडीपाशी आला.

"अंकल, चाबी दीजिए."

"प्रभू आज येणार ना, भैया? मग गाडी कशाला लागते?"

"सेवा का काम है."

"मलाही सेवाच करायची आहे. ती बॅग द्या."

त्याने अक्षतकडे पाहिले. अक्षत शूर नाही, पण उंच आहे, तेवढे पुरले. बॅगेत बेबीताईंचे आणि आणखी काही बायकांचे सही केलेले कागद निघाले. नोंदणी व्हायची होती. मी जिचे तिच्या हातात दिले आणि मग किल्ली दिली. तो इसम पुन्हा मझौलीत दिसला नाही.

बेबीताईंनी कागद घेतला, पण आभार मानले नाहीत.

"जिजाजी, दिवसभरात एकदा तरी वर पाहिलं का तुम्ही?"

"नाही."

"तो आला असता तर कुठं असता तुम्ही?"

"गाडीजवळ. तुमचे कागद घेऊन."

त्यानंतर कित्येक महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पुढे त्या माणसाचे काही भक्त त्यांना त्रास देऊ लागले. तुमच्या जिजाजीमुळे प्रभू वाटेतून परत गेला, म्हणत. तेव्हा त्या मझौलीचे घर विकून माझ्याकडे राहायला आल्या. मला त्यांचाही संशय आला, हे इथे लिहून ठेवतो. फसलेला माणूस कधी कधी फसवणूक सोबत घेऊन येतो. सकाळी त्या प्रार्थनेला बसल्या, की मी स्वयंपाकघरात उभा राहून ऐके, त्या इसमाचे नाव येते का. आले नाही. मागच्या आगमनकाळात त्या पहिली मेणबत्ती लावत होत्या, तेव्हा मी विचारले,

"अजून वाट पाहून राहिल्या?"

"तारीख खोटी होती, जिजाजी. येणारा खोटा नाही."

"कशावरून?"

"तुम्ही आले ना त्या दिवशी."

 

३. तरी माझ्या पश्चात बेबीताईंनी या घरात हयातभर राहावे. घर त्यांच्या नावावर करत नाही, आणि हे त्यांच्याच सांगण्यावरून. "कोणी गोड बोललं तर मी परत सही करीन. मला माझं माहीत आहे," असे त्या म्हणाल्या. म्हणून या घराच्या कोणत्याही कागदावर त्यांची सही घेतली गेल्यास ती निरर्थक समजावी. बँकेतील ठेव त्यांच्या औषधपाण्यासाठी व खर्चासाठी.

४. त्यांच्यानंतर घर अक्षतचे. तो इथेच, जबलपूरच्या गोरखपूर भागात, एका खाजगी बँकेत आहे. मागे त्याने माझ्याकडे एक कागद सहीसाठी आणला होता. वीज मीटरचा आहे, म्हणाला. मी दोनदा वाचला, शेजारच्या यशोधराबाई मेश्राम यांनाही वाचायला दिला. मीटरचाच होता. तरी त्याला एवढी घाई का होती, ते कळले नाही. घराची तो वाट पाहतो आहे, हे मला ठाऊक आहे. पाहू दे. वाट पाहणारा माणूस वाईटच असतो, असे मी आता मानत नाही. माझी कामाची हत्यारे व स्कूटर मी त्याला आजच देत आहे.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सदर यशोधराबाईंनी करावी. त्या बौद्ध आहेत. आकाशातून कोणी येण्याची त्यांची अपेक्षा नाही आणि माझ्याकडूनही कसली नाही, म्हणून निवड केली.

६. बेबीताई माझ्या घरी राहतात, यावर चर्चच्या फाटकाशी उभे राहून ज्यांनी चर्चा केली, ते दफनाला येतीलच. त्यांना चहा द्यावा. बिस्किटे देऊ नयेत.

७. इथला मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, हिंदीत होतो, त्याला हरकत नाही. पण कबरीजवळची शेवटची प्रार्थना बेबीताईंनी मराठीत म्हणावी. परवा त्यांनी विचारले, "जिजाजी, तुम्हाला कबरीत कसं ठेवायचं?" मी म्हणालो, मेल्यावर काय फरक पडतो. त्या कांदा चिरत राहिल्या. मी त्यावर विचार केला. बाकी सर्व गोष्टी मी जन्मभर तपासून घेतल्या. ही एक तपासता येत नाही, आणि आता तेवढा वेळही नाही. तेव्हा माझे पाय पूर्वेकडे ठेवावेत, म्हणजे उठलो तर तोंड उगवतीकडे होईल; प्रभू तिकडूनच येणार, असे म्हणतात. येणाऱ्याला मी पाठमोरा दिसू नये.

वरील मजकूर वाचून पाहिला, खाडाखोड नाही. दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली आणि त्यांनी माझ्या समोर केली. दोघांना यातून काहीही मिळणार नाही.

सही: रत्नाकर पेत्रस वाघमारे

साक्षीदार: १) टिकाराम मेश्राम (यशोधराबाईंचे पती), अधारताल २) डॉ. रश्मी दुबे, अधारताल

स्थळ: जबलपूर
दिनांक: १४ डिसेंबर २०२५, आगमनकाळाचा तिसरा रविवार